पाच अँपिअरची तार

गिरगाव, मुंबई ४
१२ फेब्रुवारी १९५७

चि. दुर्गा हिस,

कमलाकांतदादाचे आशीर्वाद. त्याच्या आधी ‘अनेक उत्तम’ लिहिण्याच्या मनःस्थितीत मी आज नाही, तेव्हा नुसतेच घे.

परवा रविवारी वाडीच्या हॉलमध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या प्रचाराचा शाहिरी कार्यक्रम होता हे तुला ठाऊक होतं. बोलावूनही तू आली नाहीस. आली असतीस तर तू शिफारस केलेल्या वायरमनचं कर्तृत्व डोळ्यांनी पाहिलं असतंस. साडेसातच्या सुमारास छताच्या कापडातून धूर आला आणि पाहता पाहता अर्धं छत पेटलं. हॉलला दरवाजे चार आहेत, पण चारही दरवाजे एकाच बोळात उघडतात. त्या बोळात जी रेटारेटी झाली तिच्यात पेटीवाले शामराव खाली पडले. त्यांचा पाय दोन ठिकाणी मोडला आहे. तुझ्या वहिनीचा पदर जळाला, ती थोडक्यात वाचली. मी त्या वेळी पाहुण्यांना मागच्या दरवाज्याने बाहेर काढत होतो. हॉलचं म्हणशील तर भिंती उरल्या आहेत.

ही वायरिंग तुझ्या भिवा कासारेने गेल्या महिन्यात केली. शाळेच्या प्रयोगशाळेचं काम त्याने फार चोख केलं, असं तूच सांगितलं होतंस. समितीचं काम म्हणून तो मजुरीही घेत नव्हता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. वाडीच्या कमिटीने त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आहे आणि चिटणीस या नात्याने तिच्यावर माझी सही आहे. सरकारी वीजनिरीक्षकाकडे २७ तारखेला चौकशी आहे. त्याचा परवाना जाईल, बहुधा खटलाही होईल.

तुझ्याकडून मला एकच हवं आहे. भिवाच्या कामाची तुला प्रत्यक्ष माहिती नव्हती, ओळखीखातर नाव सुचवलं, एवढं दोन ओळींत लिहून पाठव. म्हणजे आपलं वेलकरांचं नाव या प्रकरणातून मोकळं होईल. मतदान महिन्यावर आलं आहे. समितीच्या माणसांना साधा हॉल सांभाळता येत नाही, असं विरोधकांनी म्हणायला नको.

उलट टपाली पाठव. बाकी लोभाचं नंतर पाहू.

कमलाकांत

दादर, मुंबई २८
१४ फेब्रुवारी १९५७

ती. दादास,

दुर्गाचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं. वहिनी वाचली हे वाचून जीव भांड्यात पडला. तिला कुठे भाजलं असेल तर तुपाचा हात लावू नकोस, डॉक्टरांचं मलम लाव. शामरावांना भेटायला मी शनिवारी इस्पितळात जाईन.

तू मागितलेल्या दोन ओळी मी देणार नाही. त्या खोट्या आहेत. भिवाचं काम मी तीन वर्षं रोज वापरते आहे. चाळीस मुली त्या प्रयोगशाळेत बटणं दाबतात आणि एकीलाही कधी झटका बसलेला नाही.

काल शाळा सुटल्यावर मी वरळीला त्याच्या चाळीत जाऊन आले. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या आहेत हे तू पत्रात लिहायला विसरलास. त्याची बायको चंपा त्याला घास भरवते. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यातली त्याची नोकरी हातांवर आहे आणि बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत.

त्याने जे सांगितलं ते लिहिते. हॉलमध्ये त्याने साठ वॉटचे पंधरा दिवे लावले, त्यांना पुरेल एवढीच वायर घातली आणि मेनमध्ये पाच अँपिअरच्या तारेचा फ्यूज बसवला. या लाइनवर आणखी काही जोडायचं नाही, हे त्याने तुला आदल्या दिवशी तोंडी बजावलं. रविवारी सातला तो गिरणीतून थेट हॉलवर आला, तर व्यासपीठावर नाटकवाल्यांचे चार मोठे दिवे जळत होते आणि त्यांच्या तारा त्याच्याच लाइनला जोडलेल्या. तो तुझ्याकडे आला. मेन बंद करा, छत उतरवा, असं त्याने सांगितलं. तू त्याला पाहुण्यांसमोर तमाशा करू नकोस म्हणालास आणि मागे जाऊन बसायला सांगितलंस.

हे खरं आहे का? ते चार दिवे कोणी मागवले? त्यानंतर फ्यूज उडाला होता का?

या तीन प्रश्नांची उत्तरं पाठव. आशीर्वाद नाही पाठवलेस तरी चालेल.

दुर्गा

गिरगाव
१६ फेब्रुवारी १९५७

दुर्गा,

मी तुझा थोरला भाऊ आहे, तुझ्या वर्गातली मुलगी नाही. तरीही उत्तरं देतो, म्हणजे तुझं तोंड एकदाचं बंद होईल.

दिवे मी मागवले. एवढे मोठे पाहुणे येणार, आणि शाहीर काळोखात उभे करायचे? पाचशे वॉटचे चार दिवे नाटक कंपनीच्या माणसाने आणून जोडले. फ्यूजचं विचारतेस, तर कार्यक्रमाआधी तो दोनदा उडाला. यावरूनच तुझ्या माणसाच्या कामाची प्रत कळते. नीट बसवल्यावर पुन्हा उडाला नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मेन उघडला तेव्हा फ्यूज जागच्या जागी होता, पाच अँपिअरचीच तार, शाबूत. म्हणजे लाइनवर जास्त भार नव्हता. आमच्या कमिटीवर एक निवृत्त ओव्हरसियर आहेत, त्यांचं मत असं की छतातला एखादा जोड भिवाने ढिला ठेवला, तिथे ठिणगी पडली. ढिल्या जोडाने फ्यूज उडत नाही, हे ते पैजेवर सांगतात.

आता तुझ्या शास्त्राबद्दल. वाडीत एक नळ चालू असताना पाण्याला जोर असतो; चार नळ सोडले की प्रत्येकाला कमी पाणी येतं. विजेचंही तेच. चार दिवे वाढवले तर वीज वाटली जाईल आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडी कमी येईल, एवढंच. त्याने तार कशी जळेल? आणि खरं सांगायचं तर तेवढंही झालं नाही. सगळेच्या सगळे दिवे धूर दिसेपर्यंत लख्ख होते, किंचितसुद्धा मंद झाले नाहीत. तीनशे माणसं साक्षीला आहेत. ताण असता तर दिसला नसता का?

भिवा माझ्याशी बोलला हे खरं आहे. कसा बोलला ते त्याने तुला सांगितलं नसेल. पाहुण्यांच्या पहिल्या रांगेसमोर उभा राहून, वरच्या आवाजात. डिसेंबरात धर्म बदलून बौद्ध झाल्यापासून या लोकांना वाटतं की आता कोणाहीसमोर कसंही उभं राहता येतं.

तू आलेली तीन स्थळं मोडून दादरला खोली घेतलीस तेव्हा आई मला म्हणाली होती की ही मुलगी एक दिवस आपल्यालाच शिकवायला येईल. तो दिवस आला.

कमलाकांत

दादर
१८ फेब्रुवारी १९५७

दादा,

नमस्कार गृहीत धर.

आईला यात ओढू नकोस. ती असती तर तिने पहिल्यांदा भिवाच्या हातांना काय झालं ते विचारलं असतं. आणि माणूस ज्या आवाजात आग लागणार आहे असं सांगतो तो आवाज वरचाच असतो.

तुझ्या नळांना मी आज शाळेत उत्तर दिलं. मॅट्रिकच्या वर्गापुढे एका फळीवर साठ वॉटचा एक दिवा जोडला आणि त्याच्या वाटेत प्रवाह मोजणारं मीटर ठेवलं. काटा पाव अँपिअरवर थांबला. मग त्याच्याशेजारी दुसरा दिवा समांतर जोडला, म्हणजे दोघांचीही एक टोकं एका तारेला आणि दुसरी टोकं दुसऱ्या तारेला, घरात जोडतात तशी. तुझ्या हिशेबाने दोन्ही निम्म्याने मंद व्हायला हवे होते. पहिला दिवा जरासुद्धा मंद झाला नाही. मीटर मात्र अर्ध्या अँपिअरवर गेलं. तिसरा जोडला, पाऊण. कमळाबाई, ज्या आमच्या वर्गात फळा पुसायला येतात आणि ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्या दारातून म्हणाल्या की बाई, म्हणजे दिवे सगळे खूश आणि मेहनत एकट्या मोठ्या तारेची. दादा, तुझ्या ओव्हरसियरना हे सांग.

समांतर जोडणीत प्रत्येक दिव्याच्या दोन टोकांवर दाब सारखाच पडतो, दोनशे तीस व्होल्ट. शेजारी एक दिवा असो की वीस, त्याला पर्वा नसते. तो आपल्या रोधाप्रमाणे, म्हणजे प्रवाहाला जेवढा अडवतो त्याप्रमाणे, आपला प्रवाह घेतो आणि तेवढाच लख्ख जळतो. पण मेनपासून निघालेली तार सगळ्यांची मिळून एकच असते. तिच्यातून सगळ्या प्रवाहांची बेरीज वाहते. प्रत्येक नवा दिवा म्हणजे प्रवाहाला एक नवी वाट, आणि वाटा वाढल्या की एकूण रोध कमी होतो, वाढत नाही. तुमच्या हॉलचंच बघ. चार दरवाजे होते म्हणून माणसं भराभर बाहेर पडली, आणि पुढे बोळ एकच म्हणून शामरावांचा पाय मोडला. दरवाज्यांना काहीच झालं नाही.

आता बेरीज. पंधरा लहान दिवे, सुमारे चार अँपिअर. तुझे चार मोठे, प्रत्येकी दोनाहून थोडा जास्त, म्हणजे पावणेनऊ. एकूण साडेबाराच्या वर. वायर होती पाच अँपिअरच्या मापाची. प्रवाह अडीच पट झाला की तारेतली उष्णता अडीच पट होत नाही, सव्वासहा पट होते. ती तार लाकडी पट्टीत बंद, वर कापडाचं छत, आणि हे सगळं दीड तास. जोड ढिला असायची गरजच नव्हती.

दिवे शेवटपर्यंत लख्ख होते हे तू तीनशे साक्षीदारांसह लिहून दिलंस, त्याबद्दल आभार. कारण त्याचा अर्थ एवढाच होतो की एकोणीसच्या एकोणीस दिवे पूर्ण प्रवाह घेत होते. आणि साडेबारा अँपिअर वाहत असताना पाच अँपिअरची फ्यूजची तार मिनिटभरातच वितळते. दोनदा वितळली, तेही तूच लिहिलं आहेस. मग पुढचा दीड तास ती कशी टिकली? सोमवारी सकाळी पोलिसांना शाबूत कशी सापडली?

ती तार त्या संध्याकाळी तिथे नव्हती, दादा. त्या जागी दुसरं काहीतरी होतं, जाड, न वितळणारं. ‘नीट बसवल्यावर’ असं तू लिहिलं आहेस. नीट म्हणजे कसा? आणि कोणी?

दुर्गा

गिरगाव
२१ फेब्रुवारी १९५७

दुर्गावन्सं यांस,

राजलक्ष्मीचा नमस्कार. मी तुम्हाला पत्र लिहिते आहे हे इकडे माहीत नाही. वाचून झालं की फाडून टाका.

तुमचं सोमवारचं पत्र मी वाचलं. टेबलावर उघडंच पडलं होतं. तुम्ही फार हुशार आहात, पण मला तुमचा संताप येतो. तुम्ही दादरला बसून बेरजा करता आणि पोस्टात टाकता. ती बेरीज इथे येऊन फुटते. तीन दिवस हे जेवलेले नाहीत, माझ्याशी बोलत नाहीत, ऑफिसातून येऊन गॅलरीत पाठ करून बसतात. वीस वर्षांत तुम्ही या घरात कितीदा आलात? मामंजींच्या आजारपणात उशाशी कोण बसलं होतं? तेव्हा खरं बोलायचा हक्क तुमचा एकटीचा आहे असं समजू नका.

आता खरं ऐका. दुसऱ्यांदा फ्यूज उडाला तेव्हा साडेपाच वाजले होते आणि पाहुणे सहाला यायचे होते. यांनी स्टूल घेतलं. स्टूल हलत होतं म्हणून मी धरून उभी राहिले. यांनी घंटेच्या जुन्या वायरीतली तांब्याची जाड तार काढली, दुहेरी केली आणि फ्यूजमध्ये घातली. आता बघू कसा उडतो, असं म्हणाले. मीही हसले. दिवे लागले तेव्हा मला यांचा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवते.

सोमवारी पहाटे पोलिस यायच्या आधी यांनी ती तार काढून नवी बारीक घातली. तेव्हा मी स्टूल धरलं नाही.

माझ्या पदराबद्दल. छताचं कापड जळत बायकांवर पडलं. भिवाने ते दोन्ही हातांनी ओढून बाजूला फेकलं आणि मग माझा पदर हातांनीच दाबून विझवला. मला त्याने बोळापर्यंत आणून सोडलं आणि परत आत गेला. हे मी यांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं नाही. पदर कोणी विझवला, हा प्रश्न अजून त्यांच्या मनात आला नाही.

काल त्याची चंपा वाडीत आली होती. तक्रार मागे घ्या म्हणायला. यांनी तिला जिन्यातूनच परत पाठवलं. मी दाराआड उभी होते.

तुम्ही चौकशीत माझं नाव घेतलंत तर मी साफ नाकारीन. मला याच घरात राहायचं आहे. पण तुम्हाला माहीत असावं असं वाटलं, नाहीतर तुम्ही नुसत्या गणितावर उभ्या राहाल आणि ते लोक तुम्हाला बाईमाणूस म्हणून खाली बसवतील.

उत्तर पाठवू नका.

राजलक्ष्मी

दादर
२३ फेब्रुवारी १९५७

दादा,

तुझं उत्तर नाही. म्हणजे उत्तर काय आहे ते कळलं.

२७ला मी शाळेतून रजा घेतली आहे. चौकशीत मी साक्ष देणार आहे. प्रयोगाची फळी, मीटर आणि तुझी दोन्ही पत्रं बरोबर आणेन. दिवे लख्ख होते हे तुझ्या अक्षरात आहे, फ्यूज दोनदा उडाला हेही तुझ्या अक्षरात आहे. मी कोणावर आरोप करणार नाही. शाबूत तार त्या जागी त्या संध्याकाळी असणं अशक्य आहे एवढंच फळीवर करून दाखवीन. पुढचा प्रश्न निरीक्षक विचारतील.

तू म्हणशील की मतदान तोंडावर आहे. भिवाच्या चाळीतून रोज संध्याकाळी समितीची फेरी निघते. गेल्या बुधवारी ती निघाली तेव्हा तो पट्ट्या बांधलेल्या हातांनी पुढे होता. तुमच्या व्यासपीठावर एका महाराष्ट्राच्या घोषणा झाल्या आणि त्याच व्यासपीठावर उजेड हवा म्हणून तू त्याचं म्हणणं उडवून लावलंस. आता त्यालाच तुरुंगात घालून तू समितीचं नाव राखणार?

दादा, चूक करणारा तू पहिला नाहीस. अर्ध्या गिरगावच्या मेनमध्ये जाड तारा असतील. पण सोमवारी सकाळी जे केलंस ते चुकून झालेलं नाही. तेवढ्यासाठी मी तुला माफ करत नाही.

२७च्या आधी तू स्वतः गेलास तर माझी फळी घरीच राहील. चार दिवस आहेत.

दुर्गा

गिरगाव
२६ फेब्रुवारी १९५७, संध्याकाळ

दुर्गा,

उद्या यायची गरज नाही.

काल रात्री तुझ्या वहिनीने जेवताना मला सांगितलं की तिचा पदर भिवाने विझवला. आगीला पंधरा दिवस होऊन गेल्यावर. आधी का नाही सांगितलंस असं विचारलं तर ताट घेऊन उठली.

तरीही आज सकाळी मी वीजनिरीक्षकाच्या कचेरीत गेलो तो कबुली द्यायला नव्हे. खोटं कशाला लिहू? तू उद्या येऊन काय सांगणार ते मी आधीच त्यांच्या कानावर घालणार होतो. माझी बहीण अविवाहित आहे, हट्टी आहे, या माणसाच्या बाजूने तिचं मन कलुषित आहे, असं. वाक्यं ठरवून गेलो होतो.

भिवाचा जबाब आजच घेत होते. तो आणि चंपा आत टेबलासमोर होते. मला बाकावर थांबायला सांगितलं, दार उघडंच होतं. कारकुनाने जबाब वाचून दाखवला आणि सही कर म्हणाला. भिवाने पेन दोन तळव्यांमध्ये धरायचा प्रयत्न केला. ते पडलं. चंपाने उचलून दिलं, पुन्हा पडलं. मग कारकून म्हणाला, राहू दे, अंगठा उठव. तेव्हा भिवा म्हणाला की मला सही येते. कारकुनाने सांगितलं की येत असेल, पण आता अंगठाच चालेल. अंगठ्यावरही पट्टी होती. चंपा ती सोडू लागली. भिवाने मान दुसरीकडे वळवली, आणि दारातून त्याला मी दिसलो. त्याच्या तोंडावर राग नव्हता. मी तिथे असणारच हे त्याला ठाऊक असावं, तसं त्याने पाहिलं.

मी आत गेलो आणि पट्टी सोडू नका म्हणालो. मग सगळं सांगितलं. तार, स्टूल, सोमवारची पहाट. तुझ्या वहिनीचं नाव घेतलं नाही. स्टूल भिंतीला टेकवलं होतं असं सांगितलं. निरीक्षकांनी माझी सही घेतली. भिवावरची तक्रार मी तिथेच मागे घेतली, पोलिसांना तसं पत्र गेलं आहे. माझ्यावर काय होईल ते पंधरवड्यात कळेल. चिटणीसपदाचा राजीनामा आत्ताच कमिटीकडे दिला. ओव्हरसियर म्हणाले, एवढं सांगायची काय गरज होती. समितीच्या इथल्या कार्यकर्त्यांनाही मी कळवलं आहे.

कचेरीच्या पायऱ्यांवर मी भिवाची माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की साहेब, तुम्ही आज जे केलंत ते कागदावर ठीक आहे, पण मी माफ केलं असं माझ्याकडून वदवून घेऊ नका, माझे हात अजून बरे झालेले नाहीत. चंपाने त्याच्या खांद्यावर उपरणं टाकलं आणि ते दोघे बसच्या थांब्याकडे गेले. मी त्यांच्या मागे गेलो नाही.

तुझी बेरीज बरोबर होती. मला ती तुझ्या पहिल्या पत्रातल्या तीन प्रश्नांवरूनच कळली होती, फळी आणि मीटर नसतानाही. तू इतकी बरोबर असतेस याचा मला लहानपणापासून राग आहे आणि आजही गेलेला नाही. या घरी एवढ्यात येऊ नकोस. वहिनीला भेटायचं असेल तर शामरावांच्या इस्पितळात भेट, ती रोज चारला तिथे डबा घेऊन जाते.

मी उद्या वरळीला जाणार आहे. तो दार उघडणार नाही. तरी जाणार आहे.

कमलाकांत